एकच फोटो अकरा वेळा

कोल्हापूर सोडून नवी मुंबईत आले तेव्हा टेम्पोत सगळं सामान घातलं, पण प्रोजेक्टर नाही घातला. तो मांडीवर घेऊन बसले, आईच्या जुन्या गोधडीत गुंडाळून. नवरा म्हणाला, अगं बाळंतीण झाल्यासारखी काय बसलीयेस. आता तीन हजार ल्यूमेनचा, सेकंडहँड, डाव्या कोपऱ्यात पिवळा डाग पडलेला प्रोजेक्टर, त्याचं एवढं कौतुक कशाला, हे त्याला कळणं शक्यच नव्हतं, कारण मंगळवार पेठेतल्या आमच्या त्या संध्याकाळींना तो चार वर्षांत दोनदा आला आणि दोन्ही वेळा भडंग खाऊन निघून गेला.

तर त्या संध्याकाळी काय असायच्या ते आधी सांगते. मैत्रिणीचा स्टुडिओ होता, महिन्यातून एकदा तिथं जमायचं आणि प्रत्येकानं आपल्या कामाचे वीस फोटो दाखवायचे. एक फोटो वीस सेकंद. पुढचा फोटो आपोआप येणार, थांबवता येणार नाही, मागं जाता येणार नाही. वीस गुणिले वीस म्हणजे ४०० सेकंद, म्हणजे ६ मिनिटं ४० सेकंद, की संपलं, टाळ्या, बसा खाली. ही कल्पना आमची नव्हे. टोकियोत ॲस्ट्रिड क्लाइन आणि मार्क डायथम या दोन आर्किटेक्टनी २००३ साली पहिल्यांदा हे केलं, पेचाकुचा नावानं. कारण अगदी साधं होतं, आर्किटेक्टच्या हातात माइक दिला की तो परत मिळत नाही. पेचाकुचा म्हणजे जपानीत आपली गप्पांची कुजबुज, आपल्याकडं कुचूकुचू म्हणतात ना, कानाला तसंच लागतं ते. पुढं जगभर हजारावर शहरांत पसरलं. ते नाव वापरायचं तर त्यांची परवानगी लागते म्हणून आम्ही नाव नाही घेतलं, नियम तेवढा घेतला.

कोल्हापुरात या नियमाची फार म्हणजे फार गरज होती. गावाला कलापूर म्हणतात, आबालाल रहमान आणि बाबुराव पेंटरांचं गाव, प्रत्येक गल्लीत एक चित्रकार आणि प्रत्येक चित्रकाराकडं सगळ्या जगाविषयी दीड तासाचं मत. एक ज्येष्ठ शिल्पकार तर वीस सेकंद संपून पुढचा फोटो आला की स्क्रीनलाच ओरडायचे, 'अरे थांब की लेका!' तो नियम म्हणजे आमच्याकडं बैलाच्या नाकातली वेसण होती.

नेरुळला आल्यावर पहिलं वर्ष काही केलं नाही. घर लावणं, मुलाची शाळा, हार्बर लाइनचा धसका. मग दुसऱ्या वर्षी पावसाळ्यात कधीतरी गोधडी सोडली आणि म्हणलं, इथंही सुरू करू. त्यात काय एवढं. जागा बघायची, दहा माणसं जमवायची, झालं.

जागेपासूनच बोंब. वाशीला विष्णुदास भावे नाट्यगृह आहे, पण वीस माणसांसाठी नाट्यगृह घेणं म्हणजे चहा करायला चुलवण मांडणं. सोसायटीच्या क्लब हाऊससाठी अर्ज केला तर कमिटीसमोर जावं लागलं. तिथं सेक्रेटरींनी तीन प्रश्न विचारले. तिकीट आहे का? नाही. मग जाहिरात आहे का कुणाची? नाही. मग यात तुमचा फायदा काय?

मला उत्तरच आलं नाही. खरंच सांगते. कोल्हापुरात हे कुणी कधी विचारलंच नव्हतं, तिथं लोक विचारायचे की तू कुणाची गं, आणि ते सांगितलं की पुढचं सगळं आपोआप व्हायचं. इथं मी कुणाचीच नव्हते. आणि सेक्रेटरी काही वाईट माणूस नव्हते हो, पाचशे फ्लॅटचा कारभार बघायचा म्हणजे उगाच कुणी फुकट काहीतरी करतंय म्हणल्यावर संशय येणारच. मी म्हणलं, विचार करून सांगते, आणि उठले. क्लब हाऊस गेलं.

शेवटी जागा मिळाली ती बेलापूरच्या आर्टिस्ट व्हिलेजमध्ये, तीसुद्धा आमच्या पोळ्यावाल्या ताईंच्या ओळखीतून. सीबीडी सेक्टर ८, मागं पारसिकचा डोंगर. आर्किटेक्ट चार्ल्स कोरियांनी ऐंशीच्या दशकात सिडकोसाठी, म्हणजे नवी मुंबई वसवणाऱ्या सरकारी कंपनीसाठी, ही वसाहत आखली. प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेलांबरोबर ज्यांनी साठच्या दशकात खाडीपलीकडं नवं शहर वसवायची कल्पना मांडली तेच कोरिया. इथं त्यांनी सात-सात घरं एका छोट्या चौकाभोवती बसवली, चौक साधारण आठ मीटर बाय आठ मीटरचा, आणि कुठल्याही दोन घरांत भिंत सामाईक ठेवली नाही, म्हणजे ज्याला जेव्हा जमेल तेव्हा त्यानं आपलं घर वाढवावं, शेजाऱ्याला विचारायला नको. लोकांनी इतकं मनावर घेतलं की कौलारू बैठं घर आता शोधावं लागतं, सगळीकडं तीन मजली टाइल्सवाली. आर्किटेक्ट लोक येतात फोटो काढायला आणि हळहळतात. मला नाही वाईट वाटत. वाढवा म्हणून दिलं, वाढवलं. पण चौक मात्र कुणी गिळला नव्हता, तिथं अजून तुळस होती, एक सायकल होती, कपडे वाळत होते, आणि सातपैकी एका घरातल्या आजी म्हणाल्या, करा की, नाहीतरी शनिवारी लाइट जाते.

शनिवारी नव्हे, पहिल्यांदा मी रविवार धरला. हसा. जी बाई हार्बर लाइनवर राहून रविवारी कार्यक्रम ठेवते तिला नवी मुंबईकर म्हणायचंच नाही. मेगाब्लॉक, रुळांच्या कामासाठी लोकल बंद. दोन बोलणारे कुर्ल्याहून येणार होते ते आलेच नाहीत, एक जण बसनं आला तो वाशी नाक्यावरच्या ट्रॅफिकला शिव्या देत.

पण ते नंतरचं. त्याआधी बोलणारे जमवायचे होते. व्हॉट्सॲपवर पोस्टर टाकलं, तुमच्या कामाचे वीस फोटो पाठवा. आठवड्यात चौदा जणांनी कळवलं. मी खूश. मग उघडून बघितलं तर चौदापैकी सात फ्लेमिंगो. आमच्या नेरुळ-सीवूड्सच्या मागं तळावे पाणथळ आहे, थंडीपासून उन्हाळ्यापर्यंत तिथं रोहित पक्षी येतात, गुलाबी थवेच्या थवे, शहरानं आपली ओळखच फ्लेमिंगो सिटी करून टाकलीय, आणि ज्याच्याकडं लांब लेन्स आहे तो प्रत्येक माणूस रविवारी सकाळी तिथं असतो. फोटो सुंदर होते, नाही असं नाही. पण एकशेचाळीस फ्लेमिंगो! मग नियम केला, एका कार्यक्रमात एकच फ्लेमिंगोवाला, बाकीच्यांचा नंबर पुढं. एका काकांनी मला ब्लॉक केलं.

उरलेल्यांना फोन केले तर एक वेगळीच गंमत. जो तो म्हणतोय, मी काही आर्टिस्ट नाही हो. एक नर्स होत्या, नाइट ड्युटीत कापडाच्या तुकड्यांवर भरतकाम करतात, त्या म्हणाल्या मी काही आर्टिस्ट नाही. एक रिटायर्ड इंजिनिअर, जे गटारांच्या झाकणांवर कागद ठेवून कोळसा घासून त्यांचे ठसे घेतात, दीडेकशे झाकणं झालीत त्यांची, ते म्हणाले छे छे, हा आपला टाइमपास. कोल्हापुरात मी आर्टिस्ट नाही असं म्हणणारा एक माणूस मला चार वर्षांत भेटला नव्हता. मला वाटलं होतं कार्यक्रम प्रोजेक्टरसारखा गोधडीत गुंडाळून नेता येतो, तिकडं प्लग लावला की सुरू. पण इथला नळच वेगळ्या बाजूनं बंद होता. तिथं बोलणाऱ्यांना आवरायचं होतं, इथं कुणी बोलायलाच तयार नव्हतं. सहा मिनिटं चाळीस सेकंद हा आकडा मी तिथं दटावून सांगायचे, तेवढाच वेळ आहे बरं का! इथं तोच आकडा मी डेंटिस्टसारखा सांगायला लागले. तेवढाच वेळ आहे हो, लगेच संपेल. आणि लोक ऐकायचे! नर्सताई म्हणाल्या, आपोआप संपतं ना? मग येते.

आता थोडं तांत्रिक, कारण कुणाला असलं काही सुरू करायचं असेल तर यातच जीव जातो. फोटो व्हॉट्सॲपवर साधे पाठवले की ते दाबून लहान होतात, भिंतीवर टाकले की नुसती खिचडी, म्हणून डॉक्युमेंट म्हणूनच मागवायचे. फायलींना नंबर देताना १, २, ३ नाही द्यायचे, ०१, ०२ असे द्यायचे, नाहीतर एकच्या मागं दहा, अकरा येतात आणि दोन जातो विसाव्याच्या शेजारी. आणि कुणी पीपीटी पाठवली तर घ्यायचीच नाही. आमच्या एका कवींनी प्रत्येक फोटोवर ओळी टाकल्या होत्या, जुन्या काळच्या मराठी फॉन्टमध्ये, युनिकोड नाही, आणि तो फॉन्ट त्यांच्या कॉम्प्युटरवर होता, माझ्या नव्हता. उघडल्यावर कवितेच्या जागी कंस, टक्के आणि डॉलरची चिन्हं. शेवटी त्यांनाच घरी बसवून प्रत्येक पान चित्र म्हणून सेव्ह करून घेतलं. वीस जेपीजी, बास.

कार्यक्रमाच्या दिवशी सव्वासहाला आठ बाय सहाचा पडदा भिंतीवर टांगला, मंडपवाल्याच्या तीस खुर्च्या मांडल्या, प्रोजेक्टर आजींच्या शिलाई मशीनवर ठेवला, सगळं कसं छान. सातला पाच कमी असताना रस्त्यावरचा दिवा लागला. तो थेट पडद्यावर. चित्रं एकदम धुतल्यासारखी पांढरी. दिवसा तीनदा येऊन पाहणी केली होती मी, टेप लावून मापं घेतली होती, पण दिवा कुठं आहे ते बघायचं असतं हे डोक्यातच आलं नाही, कारण स्टुडिओत राहून राहून अंधार म्हणजे बटण दाबलं की होणारी गोष्ट वाटायला लागते. एक मुलगा म्हणाला खांबावर चढून पोतं घालतो. आजी ओरडल्या, मेलास तर! मग पडदा समोरच्या भिंतीवर नेला, म्हणजे दिव्याकडं त्याची पाठ, आणि तीसच्या तीस खुर्च्या फिरवल्या, वायर पुरेना म्हणून एक्स्टेंशन दुसऱ्या घरातून. सातही घरांची माणसं बाहेर आली त्या गडबडीत. पोस्टरनं जेवढी माणसं आली नव्हती तेवढी दिव्यानं आणली.

मग मी प्रास्ताविक केलं. आता माझी चूक कबूल करते. मला वाटलं लोकांना सांगावं की हे परदेशी खूळ नाही, आपल्याकडं चित्रामागून चित्र दाखवत गोष्ट सांगायची पद्धत जुनी आहे. पिंगुळीला ठाकर समाजातले चित्रकथी रामायणाच्या चित्रांची पोथी घेऊन बसतात, एकेक चित्र उभं धरून गाऊन सांगतात, परशुराम गंगावण्यांना त्यासाठी २०२१ साली पद्मश्री मिळाली. आणि लांब कशाला, आपल्या इथल्या कल्याणात महादेव गोपाळ पटवर्धनांनी १८९२ साली मॅजिक लँटर्नचे खेळ सुरू केले, नाव शांभरिक खरोलिका, काचेवर हातानं रंगवलेली चित्रं दिव्यापुढं धरून पडद्यावर सीता स्वयंवर वगैरे, जोडीला निवेदन, संगीत. म्हणजे सिनेमा मुंबईत यायच्या आधी चार वर्षं कल्याणात स्लाइड शो चालू होता! हे सांगताना मी इतकी रंगले की थांबेचना. मागून मुलानं मोबाइल वर धरला, त्यावर टायमर. चौदा मिनिटं. दुसऱ्यांना वेसण घालणारी बाई स्वतः मोकाट.

आठ जणांचे ५३ मिनिटं २० सेकंद व्हायला हवेत, सहाच आले म्हणून चाळीस मिनिटं. झाकणवाले इंजिनिअर फार भारी बोलले, गटाराच्या झाकणावरून रस्त्याचं वय सांगतात ते. नर्सताई पहिली चार चित्रं गप्पच उभ्या होत्या, नुसता पंख्याचा आवाज प्रोजेक्टरचा, आणि मग एकदम म्हणाल्या, हा टाका मी ज्या रात्री घातला तेव्हा नऊ नंबरच्या आजी गेल्या. पुढं काही नाही बोलल्या त्या चित्रावर. वीस सेकंद तसेच गेले.

शेवटी एक काका होते. आगरी, इथल्याच गावातले, सत्तरीच्या पुढचे, पोळ्यावाल्या ताईंचे सासरे. त्यांच्याकडं काम म्हणावं असं काही नव्हतं, पण ताई म्हणाल्या त्यांच्याकडं जुने फोटो आहेत, आणि मी म्हणलं चालतील. फाइल नातवानं केली होती. ती मी आदल्या रात्री उघडली तर फोटो चारच. तीन फोटो तीन-तीनदा, आणि एक फोटो अकरा वेळा. मला वाटलं पोराकडून कॉपी-पेस्टची चूक झाली. फोन केला तर तो म्हणाला, नाही मावशी, आजोबांनीच सांगितलंय असं.

तो अकरा वेळांचा फोटो म्हणजे त्यांच्या बहिणीची हळद, १९७८ ची. काळा-पांढरा, एक कोपरा वाळवीनं खाल्लेला. पहिल्यांदा आला तेव्हा काका म्हणाले, ही आमची बहीण. वीस सेकंद. पडद्यावर फोटो बदलला आणि पुन्हा तोच आला, लोक जरा चुळबुळले, माझ्या शेजारचा मुलगा लॅपटॉपकडं धावायला लागला तर मी त्याचा शर्ट धरला. काका शांतपणे पडद्यापाशी गेले, काठी उचलली आणि म्हणाले, 'आता इकरं बगा.' कोपऱ्यात एक बाई बसलेली, तोंड उघडं. ही धवलारीण, हिच्या गाण्याशिवाय आमच्यात लग्न लागत नाही. पुन्हा तोच फोटो. काठी मागं. हा आंबा. आता तिथं एटीएम आहे. पुन्हा. ही मागं पांढरी रेघ दिसते ती मिठागराची, तुम्हाला वाटलं फोटो खराब झालाय. पुन्हा. हंडा घेऊन उभा आहे तो चुलता, १९८४ ला जासईला गेला होता. इथं काही जणांनी मान हलवली, काही जणांना माहीतच नव्हतं. सिडकोनं घेतलेल्या जमिनींसाठी शेतकरी नेते दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली तिथं आंदोलन झालं, जानेवारी १९८४ मध्ये गोळीबार झाला, पाच जण गेले. काकांनी यातलं काही सांगितलं नाही. ते एवढंच म्हणाले की चुलता परत आला, पण पुढं पोलिसांची गाडी दिसली की घरात जाऊन बसायचा. फोटो बदलला. तोच. आता काठी दारातल्या चुलीकडं.

अकराव्यांदा आला तेव्हा मला वाटलं आता काय उरलंय. काकाही जरा थांबले. मग काठी अगदी खाली नेली, बहिणीच्या पायाशी एक काळा डाग होता तिथं. ही सावली फोटोग्राफरची, पनवेलचा होता, जेवून गेला पण पैसे घेतले नाहीत. पडदा काळा झाला.

कोरियांचा चौक, त्याच्यावर दिवा, आणि ज्यांच्या शेतावर हे सगळं उभं आहे त्यातले एक जण खुर्चीत बसून पाणी पितायत, आणि मी त्या चौकाला आल्यापासून नवीन शहर, नवीन शहर म्हणत होते. असो.

जेवण अंगतपंगत होतं, प्रत्येकानं डबा आणायचा. माझी भडंग तशीच राहिली, कारण काकांच्या घरून तांदळाच्या भाकरी आणि वालाचं बिरडं आलं होतं, त्याच्यापुढं काय टिकणार. सगळे मिळून एकोणतीस माणसं झाली, त्यातली निम्मी चौकातलीच. आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी आले नव्हते. पण दुसऱ्या दिवशी लिफ्टमध्ये म्हणाले, काल कुणीतरी झाकणांचे फोटो दाखवले म्हणे? मी म्हणलं, हो. ते म्हणाले, आपल्या बी विंगसमोरचं झाकण तुटलंय, त्यांना दाखवा.

कार्यक्रमाला अजून नाव नाही. आजी त्याला स्लाइडवालं म्हणतात, स्लाइडवालं कधी आहे गं पुढचं. आता शनिवार ठरवलाय, पडदा आधीच बरोबर भिंतीवर लागेल, आणि प्रास्ताविकाला तीन मिनिटं, टायमर मुलाच्या हातात. फ्लेमिंगोवाल्या काकांनी अनब्लॉक केलंय.

परवा रात्री साडेनऊला काकांचा फोन आला. ट्रंकेत तळाशी अजून एक फोटो सापडलाय म्हणाले, वडिलांचा, होडीतला. एवढा एकच आहे, वीस वेळा लावता येतो का?

येतो म्हणलं, फक्त नातवाला सांगा, डॉक्युमेंट म्हणून पाठवायचा.

'म्हणजे सातबारा पण पाठवायचा काय?'